परतणाऱ्या शास्त्रज्ञाची तरतूद

१९८२ साली फ्रान्समधील पाश्चर संस्थेच्या विषाणुशास्त्रविषयक नियतकालिकात युरोपातील काही संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाच्या रहिवाशांचे रक्त तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की, त्यांपैकी काहींच्या रक्तात ईबोला विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, तेव्हा ईबोलाचे वास्तव्य असलेल्या भूप्रदेशात लायबेरियाचीही गणना करावयास पाहिजे. निबंध छापला गेला, ग्रंथालयांच्या कपाटांत गेला आणि तेथेच राहिला. २०१४ साली ईबोलाने त्या देशाला गाठले तेव्हा तेथील डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आरोग्यखात्याच्या अंमलदारांना हा विषाणू आपल्या भूमीत पूर्वीपासून संचार करीत असावा याची गंधवार्ताही नव्हती. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या तीन देशांत मिळून ११,००० हून अधिक माणसे त्या साथीत दगावली. आणि २०१५ साली लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एका अमेरिकन वृत्तपत्रात लेख लिहून या विस्मृत निबंधाकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली. अशा निबंधांच्या कर्त्यांत एकही लायबेरियन शास्त्रज्ञ नव्हता.

एखाद्या निबंधाच्या मथळ्याखाली कोणाची नावे आहेत, ही बाब वरवर पाहता मानापमानाची वाटते. परंतु ती तशी नाही. त्या कर्त्यांत मन्रोव्हियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा अध्यापक असता, तर त्याने ती गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगितली असती, आरोग्यखात्याच्या बैठकीत ती एकदोनदा तरी काढली असती, आणि तापाने फणफणलेला, रक्तस्राव होणारा रोगी दवाखान्यात आला असता तेव्हा हिवताप व विषमज्वर यांच्या पलीकडची तिसरी शंका घेणारा निदान एक मनुष्य त्या शहरात निघाला असता. ज्ञान केवळ छापून झाल्याने एखाद्या देशाचे होत नाही. ते वागविणारी, आठवणारी आणि वेळ आली म्हणजे बोलून दाखविणारी माणसे तेथे असावी लागतात. अशी माणसे तयार करण्यासाठी गेल्या पन्नास-साठ वर्षांत कोणी, किती आणि कोणत्या रीतीने पैसा खर्च केला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

त्याच साथीतील दुसरे उदाहरण मालीचे. गिनीच्या जंगलमुलखातील पहिली लागण डिसेंबर २०१३ ची. पण तेथील नमुने विमानाने फ्रान्समधील लियॉं येथे जाऊन तेथून ईबोला हे नाव परत येईपर्यंत मार्च २०१४ उजाडला होता, आणि मधल्या सुमारे तीन महिन्यांत रोग सीमा ओलांडण्याच्या बेतात येऊन ठेपला होता. उलट, ऑक्टोबर २०१४ मध्ये गिनीतून मालीतील काईस गावी आणलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीला जेव्हा ताप आला, तेव्हा तिच्या रक्ताची परीक्षा राजधानी बामाको येथील विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत, मालीच्याच शास्त्रज्ञांनी केली. ही प्रयोगशाळा ईबोलासाठी उभारलेली नव्हती. क्षय व एचआयव्ही यांच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी झालेल्या सहकार्यातून ती निर्माण झाली होती, आणि बामाकोत अशा कामास अनुकूल हवा ओगोबारा डुंबो नावाच्या एका डोगोन जमातीच्या शास्त्रज्ञाने हिवतापाच्या संशोधन-प्रशिक्षणाचे केंद्र चालवून पुष्कळ आधीपासून तयार केली होती. मालीत पुढे गिनीतून आलेल्या दुसऱ्या एका रोग्याचा आजार वेळीच ओळखला गेला नाही आणि लागणीची नवी साखळी सुरू झाली, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगशाळा असली म्हणजे सर्व काही होते असे नाही. तरी एकूण ८ रोगी व ६ मृत्यू एवढ्यावर तो देश सुटला.

आता पैशाकडे वळू. संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाचे प्रशिक्षण गरीब देशांतील तरुणांना द्यावे यासाठी जगात जे निधी निघाले, त्यांतील सर्वांत चिवट निधीच्या मागे एका गवंड्याचे नाव आहे. जॉन फोगार्टी हे ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानातून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेले सभासद. मूळचा व्यवसाय विटा रचण्याचा, आणि गवंड्यांच्या संघटनेतूनच ते राजकारणात आले. आरोग्यखात्याच्या रकमा ज्या उपसमितीकडून मंजूर होत, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दीर्घकाळ होते, आणि तिथे बसून त्यांनी वैद्यकीय संशोधनाच्या तरतुदी वर्षामागून वर्षे वाढवीत नेल्या. १९६७ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. या केंद्राची वार्षिक तरतूद अलीकडे सुमारे साडेनऊ कोटी डॉलर होती. रक्कम ऐकून सामान्य वाचकाचे डोळे विस्फारतील. पण मूळ संस्थेच्या खर्चाशी तिचे प्रमाण काढले तर ते शेकडा एकाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे भरते. कागदपत्रांच्या दृष्टीने एवढी क्षुल्लक बाब इतकी वर्षे टिकली हेच नवल.

१९८८ साली, एड्सची साथ भरात येत असताना, या केंद्राने एक प्रशिक्षण-कार्यक्रम काढला. त्याची पद्धत अशी की, पैसा अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या हवाली करावयाचा. त्या विद्यापीठाने गरीब देशातील एखाद्या संस्थेशी जोड जमवावयाची. आणि तेथील तरुण डॉक्टरांना किंवा जीवशास्त्रज्ञांना रोगप्रसारशास्त्र, संख्याशास्त्र, प्रयोगशाळेतील परीक्षा इत्यादी विषयांत पदवीपर्यंत शिकवून परत धाडावयाचे. स्वीडनने त्याच सुमारास आणि त्यापूर्वीही थोडी वेगळी रीत अवलंबिली होती: उमेदवाराचे नाव मायदेशाच्या विद्यापीठातच दाखल राहते, नमुने आणि आकडे मायदेशातच गोळा होतात, आणि शिक्षणासाठी तो मधूनमधून काही महिने परदेशी जाऊन येतो. युगांडातील मकेरेरे विद्यापीठात २००० सालापासून ही रीत मोठ्या प्रमाणावर चालली. मला ही दुसरी पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात उमेदवाराचा घरच्या खुर्चीवरील हक्क कधी सुटतच नाही. चार वर्षे बाल्टिमोरला राहून आलेल्या माणसाची खुर्ची दरम्यान दुसऱ्याला मिळालेली असते, ही अडचण आपल्याकडील सरकारी खात्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

या अडचणीचे उत्तर काय असू शकते, हे पाहण्यासाठी आफ्रिकेपर्यंतही जावे लागत नाही. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून ते उभारले. आज आपण ज्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतो ती हीच, १९७८ साली नाव बदललेली. रॉकफेलरच्या मंडळींची या कामातील आस्था मुळात पीतज्वराची होती. ज्या डासाने तो रोग पसरतो तो डास भारतात मुबलक, रोग मात्र नाही, असे का, हे कोडे त्यांना उलगडावयाचे होते. आणि डासगोचिडांच्या दंशाने पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्यासाठी त्यांनी त्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलें अशा ठिकाणी ज्या प्रयोगशाळा मांडल्या, त्याच मालिकेत पुण्याचा क्रम लागला. म्हणजे संशोधनाचा प्रश्न बाहेरून आला होता, हे खरे. परंतु पाच वर्षांतच त्या प्रश्नाला देशी उत्तराची वेळ आली.

१९५७ च्या वसंतात त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास, माकडे मरून पडत असल्याची आणि त्याच गावांतून माणसांनाही तीव्र ताप येत असल्याची वर्दी आली. माकडे मरतात म्हटल्यावर सर्वांच्या मनात पहिली धास्ती पीतज्वराची उभी राहिली, कारण दक्षिण अमेरिकेत त्या रोगाची चाहूल माकडांच्या मृत्यूनेच लागत असे. पुण्याची पथके तेथे गेली. जंगलातील पालापाचोळ्यावरून कापड ओढीत न्यावयाचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून नळ्यांत भरावयाच्या. मेलेल्या माकडाचे शवविच्छेदन तिथल्या तिथे करावयाचे. रक्त आणि यकृताचे तुकडे बर्फात घालून पुण्यास पाठवावयाचे. तेथे त्यांचा अर्क उंदराच्या दोनतीन दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून ती केव्हा मलूल होतात यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावयाची, असा तो उद्योग होता. रोग पीतज्वराचा नव्हता. सैबेरियाच्या बाजूस आढळणाऱ्या गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या कुळातील एक सर्वस्वी नवा विषाणू तेथे हाती लागला आणि त्या जंगलाचे नाव त्याला मिळाले. या कामात प्रयोगशाळेतील अनेक माणसांनाही तापाची लागण झाली. विद्या अशी अंगावर घेऊनच ती पिढी तयार झाली.

१९६७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानने आपला हात काढून घेतला. पाश्चात्त्य साहाय्यावर चालणाऱ्या जगातल्या कितीतरी संस्था या क्षणी मोडल्या आहेत. पुण्याची मोडली नाही, आणि तिच्या टिकून राहण्याचे श्रेय मी कोणाच्या राष्ट्राभिमानाला देण्यापूर्वी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबखात्याला देईन. संस्था मुळातच भागीदारीची असल्याने तिचा मालक शोधण्याची वेळ आली नाही. खर्च परिषदेने उचलला, जागा कायम राहिल्या, आणि शिकलेल्या कीटकशास्त्रज्ञाला, विषाणुशास्त्रज्ञाला सोमवारी सकाळी कामावर कोठे जावयाचे हा प्रश्न पडला नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा तिचा तपास याच संस्थेने केला. जानेवारी २०२० मध्ये केरळातील विद्यार्थिनीच्या घशातील स्रावात नवा कोरोनाविषाणू असल्याचे निदान पुण्यातच झाले. आणि क्यासनूरचा तो ताप, ज्याला कोकणात लोक सरळ माकडताप म्हणतात, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली व पाठोपाठ सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा भागात काजूच्या बागांतून उतरला, तेव्हा त्याची ओळख पटविण्यासाठी कोणाला विमानाने नमुने धाडावे लागले नाहीत. १९५२ च्या तरतुदीचे फळ किती वर्षांनी आणि कोणत्या रूपाने मिळेल हे त्या वेळच्या कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिता आले नसते.

पुण्यातच दुसरी गोष्ट घडली ती १९९२ नंतर. भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी तिचे सहकार्य सुरू झाले. फोगार्टीच्या निधीतून तिच्या संशोधकांचे प्रशिक्षणही होऊ लागले. शहरातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पाहणी करीत असताना या संशोधकांच्या असे ध्यानी आले की, ज्यांचा वेश्याव्यवसायाशी काडीचाही संबंध नाही अशा स्त्रियांतही एचआयव्हीची लागण आहे. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकन वैद्यक परिषदेच्या पत्रिकेत जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या स्त्रियांतील लागणीचे प्रमाण शेकडा तेराचौदाच्या घरात असल्याचे आढळले. त्या बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज त्यांचा कोणाशी संबंध आलेला नव्हता. तोपर्यंत शासनाची सारी मोहीम बुधवार पेठेकडे आणि मालमोटारींच्या थांब्यांकडे तोंड करून उभी होती. हा प्रश्न बाहेरचा संशोधक विचारू शकला नसता असे मी म्हणत नाही. परंतु नवऱ्याने आणलेला रोग भोगीत दवाखान्याच्या बाकावर पदर सावरून बसलेल्या बाईला काय विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे, आणि सासू शेजारी बसली असताना काय विचारू नये, हे सदाशिव पेठेत किंवा साताऱ्यात वाढलेल्या माणसाला जितके उमगते तितके इतरांस नाही. निबंधातला आकडा संख्याशास्त्राने निघतो. त्याच्या आधीचे उत्तर विश्वासाने निघते.

दक्षिण आफ्रिकेत याच प्रश्नाने एक पाऊल पुढे टाकले. सलीम अब्दुल करीम व क्वारैशा अब्दुल करीम या भारतीय वंशाच्या दांपत्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले. वर्णभेदाच्या राजवटीतून परागंदा झालेले झेना स्टाइन व मर्विन सुसर हे त्यांचे तेथील गुरू. १९८८ साली, वर्णभेद अजून जिवंत असताना, हे दोघे मायदेशी परतले. नाताळ प्रांतातील त्यांच्या पाहणीत असे दिसले की, स्त्रियांतील लागण पुरुषांहून कितीतरी अधिक असून ती कोवळ्या वयातच होते, आणि मग त्यांच्या आयुष्याचा प्रश्न ठरला: पुरुषाच्या संमतीवर अवलंबून नसलेले, स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहील असे प्रतिबंधक साधन काढता येईल काय? पुढच्या दशकात कोलंबियाने फोगार्टीच्या पैशातून दक्षिण आफ्रिकेसाठी प्रशिक्षण-कार्यक्रम चालविला, त्याची धुरा क्वारैशा यांनी सांभाळली, आणि डर्बनला २००२ मध्ये त्यांचे स्वतःचे संशोधन-केंद्र उभे राहिले ते या शिकविलेल्या मनुष्यबळावर. २०१० साली व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले की, टेनोफोविर औषधाच्या लेपाने ८८९ स्त्रियांवरील प्रयोगात लागण शेकडा ३९ ने घटली. सभागृह उठून उभे राहिले. पुढील मोठ्या प्रयोगांत मात्र तो लेप तितका प्रभावी ठरला नाही, मुख्यतः स्त्रिया तो नियमाने वापरू शकत नसत म्हणून. परंतु लागणीपूर्वीच औषध घेऊन ती टाळता येते ही कल्पना सिद्ध होण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. १९८८ पासून २०१० हा काळ मोजावा. कोणत्या देणगीदाराने बावीस वर्षे वाट पाहण्याची मुदत आपल्या करारात घातली असती?

मुदतीचा हा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. प्रशिक्षणाचे अनुदान साधारणतः पाच वर्षांचे असते. एका डॉक्टरला संशोधक करावयाचे तर पदव्युत्तर पदवीची दोन, डॉक्टरेटची चारपाच, पुढे स्वतंत्रपणे हात बसेपर्यंतची आणखी तीनचार, अशी दहाबारा वर्षे सहज जातात. म्हणजे एका माणसाच्या घडणीत देणगीदाराचे अधिकारी दोनदा बदलतात, धोरण एकदा बदलते, आणि दर पाच वर्षांनी आपण काय साधले हे दाखविण्यासाठी कागदी घोडे नाचवावे लागतात. कार्यशाळांची संख्या, प्रमाणपत्रांची संख्या, उपस्थितांत स्त्रिया किती, या गोष्टी मोजता येतात म्हणून मोजल्या जातात. आठ दिवसांच्या कार्यशाळेने विषाणुशास्त्रज्ञ होत नाही हे सर्वांस ठाऊक असते, पण अहवालाच्या रकान्यात आठ दिवस आणि आठ वर्षे यांना सारखीच जागा असते.

आणि मग खर्चाच्या तपशिलातला एक आकडा, ज्याकडे कोणी सहसा पाहत नाही. अमेरिकेतील विद्यापीठांना संशोधन-अनुदानाबरोबर इमारत, वीज, हिशेबनीस, ग्रंथालय यांच्या खर्चापोटी वरकड रक्कम मिळते. संशोधनाच्या मूळ रकमेवर शेकडा पन्नास किंवा त्याहून अधिक हा दर मोठ्या विद्यापीठांत असाधारण नाही. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नियमानुसार परदेशी संस्थेस हीच रक्कम शेकडा ८ च्या मर्यादेत मिळे. आता बामाकोत किंवा कंपालात विजेचा भरवसा नाही, म्हणून डिझेलचे जनित्र हवे. उणे ८० अंशांचे शीतपेटक बंद पडले तर दहा वर्षांचे नमुने एका रात्रीत नासतात. अभिकर्मके परदेशातून मागवावी लागतात आणि जकातखात्यात ती उन्हात पडून राहतात. अमेरिकन पद्धतीचा हिशेब ठेवू शकणारा हिशेबनीस खाजगी बँकेने पळवून नेऊ नये म्हणून त्याला बरा पगार द्यावा लागतो. हे सर्व शंभरात आठ रुपयांत बसवावयाचे. दुभती म्हैस दारात बांधून द्यावी आणि वैरणीचा खर्च मात्र ज्याचा त्याने पाहावा, असा हा प्रकार आहे. आणि म्हैस आटली की गोठेवाल्याच्या नालायकीवर प्रबंध लिहिले जातात.

परंतु सारा दोष सावकारावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. आफ्रिकी संघाच्या राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा एक भाग संशोधनासाठी खर्च करण्याचे वारंवार ठरविले आहे आणि बहुतेकांनी ते पाळलेले नाही. आपलीही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही; भारताचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा पाऊण भागापर्यंतही पोचत नाही. शिकून परत आलेल्या माणसाला जागा, वेतनश्रेणी, प्रयोगशाळेचा एक कोपरा आणि पहिल्या दोनतीन वर्षांची थोडी रक्कम देणे हे परकीय देणगीदाराचे काम नव्हे. ते ज्या त्या सरकारचे काम आहे, आणि ते झाले नाही म्हणजे शिकविलेला माणूस एक तर परदेशी परततो, नाही तर आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक कचेरीत भरपूर पगारावर अहवाल लिहू लागतो. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट, कारण तो देश सोडून गेलेल्यांच्या यादीत दिसतही नाही. फोगार्टी केंद्राने परतणाऱ्यांसाठी स्वतंत्र छोटी अनुदाने काढली होती, त्यामागे हीच जाणीव होती.

प्रश्न कोणी निवडावा, याही बाबतीत काही हालचाल झालेली आहे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण कटिबंधीय रोगांच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी जो विशेष कार्यक्रम आरंभिला, त्यात हिवताप, काळा आजार, कुष्ठरोग, हत्तीरोग यांवर नवी औषधे शोधणे आणि रोगग्रस्त देशांतच संशोधक घडविणे ही दोन उद्दिष्टे पहिल्यापासून शेजारीशेजारी ठेवलेली होती; त्याचे पहिले संचालक आदेतोकुन्बो लुकास हे नायजेरियाचे होते ही गोष्ट त्या काळात क्षुल्लक नव्हती. लंडनच्या वेलकम ट्रस्टने केनियातील किलिफी येथे १९८९ पासून संशोधनकेंद्र पोसले, आणि २०१५ च्या सुमारास आफ्रिकेतील प्रशिक्षणाच्या काही रकमांचा कारभार लंडनहून नैरोबीस हलविण्यास मान्यता दिली. आपल्याकडे २००८ मध्ये त्याच ट्रस्टने भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाशी करार करून छात्रवृत्त्या सुरू केल्या. सुरुवातीस दोघांचा वाटा समसमान होता. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा हे कितीतरी बरे. जो पैसा वाटतो त्याचे कार्यालय जेथे असेल तेथील हवामान त्याच्या निवडीत उतरते, हा माझा समज आहे.

हा सर्व व्यवहार किती हलक्या दोरीवर टांगलेला आहे हे अलीकडे दोनदा दिसून आले. २०१७ साली अमेरिकेच्या शासनाने फोगार्टी केंद्र बंद करण्याची सूचना अंदाजपत्रकात केली. काँग्रेसने ती मानली नाही. २०२५ साली तीच सूचना पुन्हा आली, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यात राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अमेरिकन अनुदानांतून परदेशी संस्थांना पोट-अनुदाने देण्याची जुनी पद्धत नव्या मंजुरीपुरती थांबविल्याचे जाहीर केले. अशा हुकमाचा अर्थ वॉशिंग्टनमध्ये काही डॉलर वाचणे एवढाच असतो. कंपालात त्याचा अर्थ, डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या, क्षयाच्या चारशे रुग्णांचा पाठपुरावा निम्म्यावर आणलेल्या मुलीने रुग्णांना पुढच्या तारखा द्याव्या की नाही, असा होतो.

या पार्श्वभूमीवर भारताने काय करावे, याबद्दल एक सूचना करून थांबतो. घेणाऱ्यांच्या रांगेतून आपण आता पुष्कळसे बाहेर पडलो आहोत. परदेशी तरुणांना शिकविण्याची आपली तांत्रिक सहकार्य योजना १९६४ पासून चालू आहे. आफ्रिकेतील संशोधकांसाठी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाने छात्रवृत्त्याही २०१० पासून दिल्या जातात, परंतु त्या काही महिन्यांच्या आहेत, आणि काही महिन्यांत पुण्याचा पाऊस बघून होतो, विषाणू वाढविणे शिकून होत नाही. त्यांची संख्या हवी तर निम्मी करावी, मुदत चार वर्षांची करावी, पदवी उमेदवाराच्या मायदेशाच्या विद्यापीठाचीच ठेवावी, पुणे, चेन्नई किंवा वेल्लोर येथे त्याने येऊनजाऊन राहावे, आणि तो परतल्यावर पहिली तीन वर्षे त्याच्या प्रयोगशाळेच्या अभिकर्मकांचा व हिशेबनिसाचा खर्च याच मंजुरीत धरावा. मात्र त्याची जागा राखून ठेवल्याचा त्याच्या सरकारचा सहीशिक्क्याचा दाखला अर्जासोबत जोडलेला असल्याखेरीज अर्ज दाखल करून घेऊ नये.